मेरी मॅलन : एका स्वयंपाकिणीची गोष्ट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा माझ्यासमोर प्रश्न पडला. सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास, बोअरिंगची भानगड, लिफ्टचं प्रकरण, गच्चीचं वॉटरप्रूफिंग यावर लिहायला माझ्यापेक्षा जास्त आठवणारी माणसं आहेत. मी तर आयुष्यभर बँकेत लेजर आणि कर्जाच्या फायली वाचल्या. निवृत्तीनंतर मात्र चरित्रं वाचायचा नाद लागला. त्यातलंच एक इथे सांगतो. बाई आयर्लंडची, गोष्ट अमेरिकेतली, आणि तिला जाऊनही आता ऐंशी वर्षांच्या वर झाली. पण २०२० साली आपल्या गेटवर जी नोटीस लागली होती आणि जिच्याखाली सेक्रेटरी म्हणून माझी सही होती, ती नोटीस ज्यांना आठवते त्यांना ही गोष्ट फार परकी वाटणार नाही.

नोटीस अशी होती की घरकाम करणाऱ्या सर्व महिलांना पुढील सूचनेपर्यंत प्रवेश बंद. तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं. आजही पूर्ण चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी गेटच्या बाहेर उभ्या राहून वॉचमनशी बोलत होत्या आणि मी बाल्कनीतून बघत होतो, ते दृश्य काही डोक्यातून गेलं नाही. त्याच दिवसांत मेरी मॅलन हे नाव मी पहिल्यांदा वाचलं. म्हणजे 'टायफॉईड मेरी' हे टोपणनाव कुठेतरी कानावर होतं, पण ती खरोखरची बाई होती, तिला आडनाव होतं, हे माहीत नव्हतं.

मेरीचा जन्म २३ सप्टेंबर १८६९ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागात टायरोन परगण्यातल्या कुक्सटाउन या गावी झाला. तिच्या जन्माच्या आधी वीस-पंचवीस वर्षं आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो दुष्काळ झाला, त्यात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळजवळ तेवढीच देश सोडून गेली. दुष्काळ संपला तरी देश सोडण्याची रीत संपली नाही. जमिनीचे तुकडे लहान, त्यावर एकाच मुलाचा संसार कसाबसा चालायचा. बाकीच्यांनी बोट पकडायची. यात एक गोष्ट मला विशेष वाटली. युरोपातल्या इतर देशांतून पुरुष आधी जात आणि बायका-मुलं मागाहून. आयर्लंडातून मात्र लग्न न झालेल्या तरुण मुली एकेकट्या निघत, आणि काही काळ तर जाणाऱ्यांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीची होती. त्या अमेरिकेत श्रीमंतांच्या घरी मोलकरणी म्हणून राहत, पगारातून घरी पैसे पाठवत आणि पुढच्या बहिणीचं तिकीट काढत. आपल्याकडे कोकणातून गिरणीत आलेला माणूस गावाला मनीऑर्डर करायचा, तसाच प्रकार. फक्त इथे ती मनीऑर्डर करणारी सोळा-सतरा वर्षांची पोर असायची आणि मध्ये सबंध अटलांटिक महासागर.

मेरी १८८३च्या सुमारास एकटीच निघाली. वय असेल चौदा-पंधरा. त्या काळी न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची नोंद कॅसल गार्डन नावाच्या जुन्या गोल इमारतीत होत असे. नातवाच्या वेळी आम्ही सहा महिने न्यू जर्सीला होतो तेव्हा मुलाने आम्हाला बोटीतून एलिस आयलंड दाखवायला नेलं होतं. तिथे अ‍ॅनी मूर नावाच्या आयरिश मुलीचा पुतळा आहे. १८९२च्या एक जानेवारीला त्या बेटावर उतरलेली ती पहिली प्रवासी, सोबत दोन लहान भाऊ. मेरी तिच्याही आठ-नऊ वर्षं आधी आली. तेव्हा एलिस आयलंडचं केंद्र नव्हतं, आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळासुद्धा अजून बसवलेला नव्हता, तो बसला १८८६ला. तिचं स्वागत करायला ना पुतळा ना भाऊ. न्यूयॉर्कमध्ये मावशी आणि मावशीचा नवरा, त्यांच्याकडे ती काही दिवस राहिली आणि मग कामाला लागली.

सुरुवात घरकामापासून झाली. पण तिच्या हाताला चव होती. हळूहळू ती स्वयंपाकीण झाली. हे नुसतं काम बदलणं नव्हतं, बढतीच होती. मोठ्या घरातल्या नोकरांत धुणंवाली, वाढपी, सफाईवाली यांच्या वर स्वयंपाकिणीचा मान, आणि पगारही त्याच मानाने. १९०६ साली तिला महिना पंचेचाळीस डॉलर मिळत होते. लिहिता-वाचता चांगलं येत होतं, अक्षर स्वच्छ होतं. लग्न केलेलं नव्हतं. उंच, धट्टीकट्टी, निळ्या डोळ्यांची, आणि चटकन संतापणारी, असं तिचं वर्णन मिळतं. एकट्या बाईने परक्या शहरात वीस-बावीस वर्षं स्वतःच्या हिमतीवर काढायची म्हणजे थोडा ताठा लागतोच, असं मला वाटतं.

आता टायफॉईडविषयी दोन शब्द. आपल्याकडे त्याला विषमज्वर म्हणतात, आणि जुनी माणसं मुदतीचा ताप म्हणत. आम्हा बँकवाल्यांना मुदत म्हटलं की ठेव आठवते, पण लहानपणी आमच्या आळीत मुदतीचा ताप म्हटलं की बायका देव पाण्यात ठेवत. एकवीस दिवस काढायचे आणि वाट बघायची. नेमकं औषध यायला १९४८ उजाडावं लागलं. रोगाचे जंतू आजारी माणसाच्या मलमूत्रातून पाण्यात आणि अन्नात जातात हे मेरीच्या काळी डॉक्टरांना ठाऊक झालं होतं. पण आजारी नसलेल्या, कधी आजारी होतो हेही न आठवणाऱ्या माणसाच्या पित्ताशयात ते जंतू वर्षानुवर्षं घर करून राहू शकतात, हे अगदी नवीन होतं. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी १९०२ साली त्याकडे लक्ष वेधलं. अमेरिकेत मोठमोठ्या डॉक्टरांनाही ते अजून पुरतं अंगवळणी पडलेलं नव्हतं, तिथे स्वयंपाकघरातल्या बाईला कोण सांगणार?

१९०६च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे एक बँकर, वॉरेन नावाचे, कुटुंबासह लाँग आयलंडवर ऑयस्टर बे इथे भाड्याच्या बंगल्यात राहायला गेले. (बँकर म्हणजे मालक वर्गातले, आमच्यासारखे नव्हेत.) ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात घरात ताप सुरू झाला. अकरा माणसांपैकी सहाजण टायफॉईडने पडले. ऑयस्टर बे म्हणजे पैसेवाल्यांची हवा खाण्याची जागा, तिथे असला गरीब वस्तीतला रोग येतो कसा? घरमालकाला चिंता पडली की आता हा बंगला कोण भाड्याने घेणार. त्याने पाणी, दूध, संडास सगळं तपासून घेतलं, काही सापडेना. शेवटी जॉर्ज सोपर नावाच्या माणसाला बोलावलं. सोपर हे डॉक्टर नव्हते, शहराच्या सांडपाण्या-पिण्याच्या पाण्याचे इंजिनिअर. पण साथ कुठून आली ते शोधण्यात त्यांचा हातखंडा.

सोपर यांनी हिशेब तपासनिसासारखं काम केलं. मला हा भाग वाचताना आमच्या इन्स्पेक्शन खात्यातले एक साहेब आठवले, जे व्हाउचर बाजूला ठेवून आधी हजेरीपट बघायचे. सोपर यांनी तारखा मांडल्या. पहिला रुग्ण २७ ऑगस्टला. रोग अंगात भिनायला दोन-तीन आठवडे लागतात. मग त्याच्या आधी घरात नवीन काय झालं? तर ४ ऑगस्टला नवी स्वयंपाकीण आली होती, आणि साथ आल्यावर तीनेक आठवड्यांत सोडूनही गेली होती. पण शिजवलेल्या अन्नात जंतू मरतात, मग बाधा कशातून झाली? चौकशीत कळलं की तिच्या हातचं आइस्क्रीम घरच्यांना फार आवडायचं, ताजे पीच चिरून घातलेलं. त्यातलं काहीच चुलीवर चढत नव्हतं.

मग सोपर यांनी नोकरीला लावणाऱ्या एजन्सीकडून तिची मागची घरं काढली. १९०० सालापासून आठ घरं सापडली. त्यांतल्या सात घरांत ती आल्यावर टायफॉईड झाला होता. एकूण बावीस रुग्ण, त्यांत एका मुलीचा मृत्यू. यातलं एक घर मला चटका लावून गेलं. १९०२ साली मेन राज्यात डार्क हार्बर इथे ड्रेटन नावाच्या वकिलाकडे ती होती. घरातली जवळजवळ सगळी माणसं आजारी पडली. उभे राहिले ते स्वतः ड्रेटन आणि मेरी. तिने रात्रंदिवस सगळ्यांची शुश्रूषा केली आणि साहेबांनी खूश होऊन पगाराशिवाय पन्नास डॉलर बक्षीस दिले. तिच्या नजरेने बघा. ताप सगळीकडेच होता, न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी हजारो लोकांना होत होता. ती स्वतः ठणठणीत. तिने माणसं वाचवली होती, त्याचं बक्षीस मिळालं होतं.

मार्च १९०७ मध्ये सोपर यांना ती पार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका घरात सापडली. त्या घरातही टायफॉईड होताच, घरची मुलगी शेवटच्या घटका मोजत होती. सोपर थेट स्वयंपाकघरात गेले. एका अनोळखी पुरुषाने आत येऊन सांगितलं की तू लोकांना आजारी पाडतेस, आणि मला तुझी लघवी, शौच आणि रक्त तपासायला हवं. त्यांच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे ते शक्य तेवढ्या शिष्टाईने बोलले. असेलही. मेरीने मांस कापताना वापरायचा मोठा काटा उचलला आणि त्यांच्या अंगावर धावली. साहेब अंगणातून रस्त्यावर पळाले. पुन्हा एकदा ते एका डॉक्टरला घेऊन तिच्या मित्राच्या खोलीच्या जिन्यात तिला गाठायला गेले, तेव्हाही शिव्या खाऊन परत आले.

मग आरोग्य खात्याने एका बाईलाच पाठवलं. डॉ. जोसेफीन बेकर. या पुढे न्यूयॉर्कमधल्या तान्ह्या मुलांचे मृत्यू कमी करण्यासाठी नावाजल्या गेल्या, त्यांचं चरित्र म्हणजे वेगळा लेख होईल. त्यांचे स्वतःचे वडील टायफॉईडने गेले होते. पहिल्या दिवशी मेरीने त्यांच्या तोंडावर दार लावलं. दुसऱ्या दिवशी त्या पोलीस आणि अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन आल्या. मेरीने काटा उगारला आणि गडबडीत नाहीशी झाली. घरातले बाकीचे नोकर एक शब्द बोलेनात. नोकरांनी एकमेकांना धरून राहायचं ही तिथलीही रीत. पोलिसांनी कित्येक तास घर पालथं घातलं. शेवटी शेजारच्या अंगणातल्या एका कपाटवजा खोलीच्या दारात सुती कापडाचा निळसर तुकडा अडकलेला दिसला. आत मेरी होती. लाथा मारत, ओरडत तिला पाच पोलिसांनी उचलून गाडीत घातलं आणि हॉस्पिटलपर्यंत डॉ. बेकर तिच्या अंगावर बसून राहिल्या.

तपासणीत जंतू सापडले. सोपर यांचा अंदाज खरा ठरला. तिला ईस्ट रिव्हर नदीतल्या नॉर्थ ब्रदर नावाच्या वीसेक एकरांच्या बेटावर, संसर्गजन्य रोग्यांच्या रिव्हरसाइड हॉस्पिटलात नेलं. तिथे बहुतेक क्षयाचे रोगी. नदीकाठी तिला एक छोटी बंगली दिली आणि सोबतीला एक कुत्रा. जेवणाची थाळी दाराशी ठेवून जात.

इथे मी थोडा थांबतो. तिच्यावर खटला झाला नाही. तिने गुन्हा केला असं कोणी म्हटलं नाही. शहराच्या सनदेत साथीच्या रोग्याला हलवण्याचे अधिकार आरोग्य खात्याला होते, त्यातल्या कलमांवर बोट ठेवून तिला ठेवलं. किती दिवस, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे १८९७ साली प्लेगच्या वेळी साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात घरझडत्या झाल्या. त्याचं पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलो. २०२० साली तोच कायदा परत वापरला. कायद्याची गरज नसते असं नाही. पण बँकेत आम्ही साधं कर्ज मंजूर करताना सुद्धा मुदत लिहीत असू. हिला मुदत नव्हती.

आठवड्यातून तीनदा तिचे नमुने घेत. १६३ नमुन्यांपैकी १२० मध्ये जंतू निघाले, बाकीच्यांत नाही. हे मध्येच असणं आणि मध्येच नसणं हा त्या रोगाचा स्वभावच, पण तिला ती डॉक्टरांची लबाडी वाटली. तिने आपल्या मित्राकरवी खासगी लॅबमध्ये नमुने पाठवले, तिथे काही निघालं नाही. मग तर तिची खात्रीच झाली. डॉक्टरांनी पित्ताशय काढून टाकू म्हणून सुचवलं. ज्या काळी पोट उघडलं की माणूस जगेलच याची खात्री नव्हती, त्या काळी ठणठणीत बाईने त्याला होकार का द्यावा? तिने नकार दिला. सोपर तिला भेटायला गेले आणि म्हणाले की मी तुझ्यावर पुस्तक लिहितो, नफा तुला देतो. मेरी काही न बोलता उठली, न्हाणीघरात गेली आणि ते निघून जाईपर्यंत कडी काढली नाही.

१९०८ साली डॉक्टरांच्या एका सभेतल्या चर्चेत तिचा उल्लेख टायफॉईड मेरी असा झाला, आणि नाव चिकटलं. १९०९च्या जूनमध्ये एका मोठ्या वर्तमानपत्राने तिचं खरं नाव छापलं आणि सोबत चित्र काढलं, त्यात एक बाई अंडी फोडावीत तशा कवट्या फोडून तव्यात टाकते आहे. त्याच उन्हाळ्यात तिने वकील करून कोर्टात अर्ज केला. लोकांची सहानुभूती तिच्याकडे होती. पण कोर्टाने आरोग्य खात्याचा निर्णय कायम ठेवला.

१९१०च्या फेब्रुवारीत खात्याला लेडर्ल नावाचे नवीन कमिशनर आले. त्यांना वाटलं की या बाईला आता कळलं आहे, काय सांभाळायचं ते. पुन्हा स्वयंपाकाचं काम करणार नाही आणि दर तीन महिन्यांनी हजेरी देईन, असं लिहून घेऊन त्यांनी तिला सोडलं. धुण्याचं काम लावून दिलं. चाळिशी उलटलेली बाई, हात आयुष्यभर चुलीवर चाललेले, आणि आता दुसऱ्यांचे कपडे धुवायचे, त्याही फार कमी पैशांत. शहरावर तिने पन्नास हजार डॉलरचा दावा लावून बघितला, त्यातून काही निष्पन्न झालं नाही. काही काळ ती हजेरी देत राहिली, मग एक दिवस बेपत्ता झाली.

आमच्या मावशींचं सांगतो. गेट उघडल्यावर त्या आल्या नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं की दोन महिने वाट बघून त्यांनी मार्केटजवळ भाजी विकायला घेतली होती. आम्ही त्यांना एक महिन्याचा पगार पाठवला होता. पुढच्या महिन्याचा विषय निघाला तेव्हा घरात चर्चा झाली, आणि ती चर्चाच राहिली. हे मी आजवर कुठे बोललो नव्हतो.

१९१५च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या स्लोन प्रसूतिगृहात टायफॉईडची साथ आली. पंचवीस जण आजारी पडले, बहुतेक डॉक्टर, नर्सा आणि नोकर. दोघे दगावले. तिथे मिसेस ब्राउन नावाची एक स्वयंपाकीण होती. बाकीचे नोकर तिला थट्टेने टायफॉईड मेरी म्हणत असत. प्रमुख डॉक्टरांनी सोपर यांना बोलावलं, तिच्या हातची चिठ्ठी दाखवली, आणि सोपर यांनी अक्षर ओळखलं.

आता इथे माझी तिच्या बाजूने बोलायची हिंमत होत नाही. पहिल्या वेळी तिला ठाऊक नव्हतं, पटवून सांगणारंही कोणी नव्हतं. दुसऱ्या वेळी तिने सही केली होती. नाव बदललं म्हणजे काहीतरी मनात खटकत असणारच. आणि जागा कुठली, तर बाळंतिणींचं हॉस्पिटल. माझी बायको हे वाचून म्हणाली की तिने पाप केलं, यात दुसरं काही बोलू नका. मी म्हटलं, बरोबर आहे. पण नंतर विचार करत बसलो की तिला एवढं सगळं करण्याऐवजी जर स्वयंपाकिणीच्या पगाराइतकं दुसरं काम दिलं असतं किंवा पेन्शन बांधून दिली असती, तर शहराला काय महाग पडलं असतं? बेटावर तेवीस वर्षं तिला पोसायला लागलंच की.

कारण दुसऱ्यांदा नेलं ते कायमचं. २७ मार्च १९१५ रोजी तिला पुन्हा नॉर्थ ब्रदरवर ठेवलं. या वेळी वर्तमानपत्रात सहानुभूती नव्हती. तिनेही कोर्टकचेरी केली नाही.

मेरीच्या नावावर एकूण पन्नासच्या वर रुग्ण आणि तीन मृत्यू मांडले जातात. त्याच काळात टोनी लाबेला नावाच्या एका वाहकामुळे १२२ जण आजारी पडले आणि पाच मेले. त्याला काही आठवडे अडकवून ठेवलं, मग सोडलं. १९२४ साली अल्फॉन्स कोटिल्स हा हॉटेल-बेकरीवाला, वाहक असल्याचं माहीत असून अन्न हाताळताना सापडला. यापुढे धंदा टेलिफोनवरून करीन असं त्याने सांगितलं आणि कोर्टाने सोडून दिलं. मेरी वारली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये असे चारशेच्या आसपास वाहक माहीत होते. मरेपर्यंत बेटावर डांबलेली ती एकटीच. पुरुष वाहकांच्या बाबतीत अधिकारी असा विचार करीत की हे कुटुंबाचे कर्ते, यांच्या पोटावर पाय देऊन कसं चालेल. मेरीला कुटुंब नव्हतं. म्हणजे तिच्या पोटावर पाय दिला तर चालणार होतं. शिवाय ती आयरिश, कॅथलिक, नोकर आणि तापट. यांतलं नेमकं काय तिला जास्त भोवलं ते सांगता येणार नाही, पण बाधा झालेली घरं मोठी होती हेही विसरून चालणार नाही. गरीब वस्तीत माणसं मेली तर इंजिनिअर बोलावायला कोणाकडे पैसे असतात?

बेटावरची पुढची वर्षं मात्र मला वाटली तशी काळीकुट्ट नव्हती. १९१८ पासून तिला दिवसभरासाठी शहरात जायची परवानगी मिळू लागली. ती एका ओळखीच्या कुटुंबाकडे क्वीन्सला जाऊन संध्याकाळी परत यायची. हॉस्पिटलात ती आजाऱ्यांना मदत करी. पुढे १९२५च्या सुमारास एक तरुण लेडी डॉक्टर आल्या, डॉ. प्लाव्स्का, त्यांनी तिला लॅबमध्ये घेतलं. जिच्या नमुन्यांच्या बाटल्या आयुष्यभर लॅबमध्ये जात राहिल्या ती आता त्याच लॅबमध्ये बाटल्या धुवायची, तपासणीची तयारी करून द्यायची, नोंदी ठेवायची. काम नीटनेटकं करायची. स्वतःच्या रोगाविषयी मात्र ती कोणाशी बोलत नसे आणि कोणी विचारतही नसे. आपल्यामुळे कोणाला बाधा झाली हे तिने शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

१९३२च्या नाताळाच्या सुमारास एकजण तिच्या बंगलीवर काही पोचवायला गेला, तेव्हा ती जमिनीवर पडलेली सापडली. पक्षाघात झाला होता. त्यानंतरची सहा वर्षं तिने हॉस्पिटलच्या खाटेवर काढली. ११ नोव्हेंबर १९३८ रोजी ती गेली. वय एकोणसत्तर. दोन वेळा मिळून सव्वीस वर्षं बेटावर गेली होती.

तिने मृत्युपत्र केलं होतं. सवयीने माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. चार हजार डॉलरच्या वर शिल्लक होती, बेटावरच्या कामाच्या तुटपुंज्या पगारातून साठवलेली. त्यातले दोनशे डॉ. प्लाव्स्कांना, दोनशे एका पाद्रीबाबांना, अडीचशे कॅथलिक धर्मादाय संस्थेला, आणि उरलेली मोठी रक्कम हॉस्पिटलातल्या एका नर्सला, जी तिची मैत्रीण झाली होती. ब्राँक्समधल्या सेंट रेमंड दफनभूमीतल्या तिच्या थडग्याच्या दगडाचे पैसेसुद्धा तिचेच. चर्चमध्ये प्रार्थनेला नऊ माणसं आली होती. बाहेर बातमीदार उभे होते, त्यांना त्या नऊ जणांपैकी कोणीही आपलं नाव सांगितलं नाही.